समुद्रकिनारा कुणी राखला?

अग्रलेख, एप्रिल २०१०



मागच्या बैठकीला एका साथीनं घरून भाकरी बांधून आणली, ती वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीत. भाकरी खाऊन झाल्यावर आश्रमशाळेत शिकणाऱ्या एका पोरीनं तो तेलकट कागद उचलला आणि मोठ्यानं वाचायला लागली. गर्दीपासून दूर असलेले, अस्पर्श, निर्मनुष्य समुद्रकिनारे. उन्हाळ्याच्या सुट्टीत कुठं जावं, याची माहिती होती. वाळू कशी पांढरी, पाणी कसं निळं, माणसाचा मागमूस नाही, अजून कुणाचं लक्ष गेलेलं नाही तोवर जाऊन या, असं सगळं. वाचता वाचता पोरगी थांबली आणि तिनं विचारलं, "निर्मनुष्य म्हणजे तिथं कोणीच राहत नाही का?"

त्या एका शब्दावर बैठकीत इतकं बोलणं झालं की ठरवलेले दोन विषय राहून गेले. म्हणून या अंकाचा अग्रलेख समुद्रकिनाऱ्यावर. बालाघाटाच्या डोंगरात बसून समुद्रावर लिहायचं म्हणजे काही जणांना गंमत वाटेल. वाटू द्या.

आपल्यातल्या बहुतेकांनी समुद्र पाहिला तो मोर्चामुळं. दिवसभर आझाद मैदानावर बसायचं, संध्याकाळी शिष्टमंडळ मंत्रालयातून 'विचार करू' असं ऐकून परत आलं की रात्रीच्या गाडीआधी तासभर मरीन ड्राइव्हचा कट्टा नाहीतर गिरगावची चौपाटी. लेकरं पाण्यात पाय घालतात, आपण चप्पल हातात धरून उभे. एका आजीनं तर बाटलीत खारं पाणी भरून गावाकडं आणलं होतं, शेजारणीला चव दाखवायला. आपला समुद्र तेवढाच.

मागच्या वर्षी फाल्गुनात, कारखान्यांचे पट्टे पडल्यावर, आपले सहा जण कोकणात मच्छीमारांच्या एका मेळाव्याला गेले. मेळावा दोन दिवसांचा होता, पण जाताना आणि येताना एसटीनं थांबत थांबत त्यांनी किनारा पाहिला. पुरवणीत जी नावं छापून आली होती त्यातली बरीच त्यांनी स्वतः पायाखाली घातलेली. त्यामुळं बैठकीत त्या पोरीला उत्तर द्यायला माणसं होती.

आधी हे सांगितलं पाहिजे की ती नावं खोटी नाहीत. रत्नागिरी जिल्ह्यात वेळास, केळशी, आंजर्ले, गणेशगुळे. सिंधुदुर्गात तोंडवळी, भोगवे, निवती, खवणे, मोचेमाड. खाली गोव्यात गालजीबाग, आगोंद. हे किनारे खरोखर सुंदर आहेत. तोंडवळी-तळाशीलला तर एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मधे माडांची अरुंद पट्टी, तिच्यावर माणसांची घरं. रात्री झोपलं की दोन्हीकडून पाण्याचा आवाज येतो. भोगव्याला डोंगरावरून खाली पाहिलं तर कर्ली नदी समुद्राला मिळते ते मुख दिसतं आणि पलीकडं देवबागची वाळूची जीभ. आमच्या साथी बायांपैकी एकजण म्हणाली, "इतकं पाणी बघून जीव दडपतो, आणि आपल्याकडं हंड्याला पाणी नाही." बरोबर आहे तिचं.

पण निर्मनुष्य? भोगव्याला आपली माणसं पोचली ती भर दुपारी. किनारा ओस. चार होड्या झावळ्यांनी झाकून वर ओढून ठेवलेल्या, जाळी वाळत घातलेली, एक कुत्रं सावलीत. पुरवणीवाला फोटो काढणारा याच वेळी येत असणार, आणि होड्या फोटोत येऊ नयेत म्हणून कॅमेरा थोडा बाजूला फिरवत असणार. कोकणात अशा किनाऱ्यांवर रापण चालते ती पहाटे. होडी लांबलचक जाळं घेऊन समुद्रात अर्धगोल फिरून येते, जाळ्याची दोन्ही टोकं किनाऱ्यावर, आणि दोन्हीकडं माणसांच्या रांगा दोर ओढत मागं मागं येतात. म्हातारे, पोरं, बाया. दोराला हात लावणाऱ्याचा वाटा असतो. मासळी आली की टोपल्या भरतात, भाव होतो, वाटे पडतात. ऊन चढेपर्यंत किनारा मोकळा. मग त्या वाळूवर मासळी सुकत पडते, जाळी दुरुस्त होतात, होड्यांना तेल लागतं. म्हणजे किनारा हे त्यांचं खळं आहे. खळ्यावर दुपारी कोणी नाही म्हणून ते बेवारस असतं का?

वाळूसुद्धा आपोआप जागेवर राहत नाही. भरतीची रेष संपते तिथून वर एक वेल पसरलेली असते, जांभळ्या फुलांची. तिला मर्यादवेल म्हणतात. तिच्या मुळ्या वाळू धरून ठेवतात, तिच्यामागं केवडा, त्यामागं माड, मग घरं. जुनी माणसं ती वेल उपटू देत नाहीत. हॉटेल येतं तेव्हा पहिल्यांदा हीच साफ होते, कारण खुर्च्या टाकायला सपाट वाळू लागते. मग दोन पावसाळ्यांत समुद्र आत येतो आणि सरकार दगडांचा बंधारा बांधायला निधी काढतं. आपल्याकडं बांधावरचं गवत आणि झुडपं काढली की माती वाहून जाते, त्यातलाच प्रकार.

सहा जणांनी सगळ्यात जास्त बोलणं केलं ते वेळासबद्दल. मंडणगड तालुक्यातलं लहानसं गाव, बाणकोटच्या किल्ल्याच्या अलीकडं. नाना फडणवीसांचं मूळ गाव म्हणून शाळेच्या पुस्तकातल्या लोकांना ठाऊक. तिथं थंडीच्या दिवसांत समुद्रातून कासवाच्या माद्या रात्री वर येतात, मागच्या पायांनी वाळूत खड्डा करतात, शंभर-सव्वाशे अंडी घालतात, खड्डा बुजवतात आणि परत जातात. पुन्हा पिल्लांकडं बघायला येत नाहीत. पूर्वी ती अंडी गावातले लोक काढून खात, विकत. राहिलेली कोल्ही-कुत्री खात. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेनं गावकऱ्यांना धरून काम सुरू केलं. आपल्याला महत्त्वाचं वाटलं ते असं की, अंडी कुठं असतात हे ज्यांना ठाऊक होतं, त्यांनाच राखण करायला घेतलं. वाळूवरची खूण वाचणारा माणूस पुस्तकातून तयार होत नाही. आता तो पहाटे अंधारात किनारा चालतो, घरटं सापडलं की अंडी हळूच काढून कुंपणाच्या आत तेवढ्याच खोल खड्ड्यात ठेवतो, तारीख लिहितो. पन्नासेक दिवसांनी वाळू हलते, पिल्लं वर येतात. ती सकाळी नाहीतर संध्याकाळी पाण्याकडं सोडतात. वाळूवरून ती आपली आपण चालत जातात, तळहाताएवढीही नसतात.

हे बघायला शहरातून माणसं येतात. तिथं कासव महोत्सव भरतो. हॉटेल नाही. पाहुणे गावातल्या घरांत उतरतात, घरात रांधलेलं जेवतात, पैसे त्या घरात राहतात. आपले सहा जण एका घराच्या पडवीत झोपले. घरवालीनं आधी विचारलं, "तुम्ही कुठले?" बीड म्हटल्यावर तिला ऊसतोड कामगार आठवले, टीव्हीवर पाहिलेले. पैसे घेताना तिनं दोन माणसांचे कमी लावले. आम्ही हे कौतुकानं लिहितो आहोत, पण गावात सगळं गोडच आहे असंही नाही. कोणाच्या घरी जास्त पाहुणे जातात, कोणाच्या वाडीला कमी, यावरून कुरबुर आहेच. आपल्या बचत गटातही असते. ती गावात बसून मिटवता येते. मालक मुंबईत नाहीतर परदेशात असला तर कुणाशी भांडणार?

पारधी साथींना वेळासची ही गोष्ट विशेष सांगावीशी वाटते. माग काढायची, पाखराचा आवाज ओळखायची तुमची विद्या तुमच्यावर गुन्हा म्हणून लावली गेली. पाटोदा तालुक्यात नायगावला १९९४ मध्ये मयूर अभयारण्य झालं. मोर कुठं पाण्यावर येतो, लांडोर कुठं अंडी घालते हे सगळ्यात जास्त कुणाला माहीत आहे, ते आपण जाणतो. पण राखणीच्या यादीत कुणाची नावं असतात आणि संशयितांच्या यादीत कुणाची, तेही आपण जाणतो.

आता दुसरी बाजू. सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. वेंगुर्ले तालुक्यात शिरोड्याचा वेळागर किनारा आहे, सुरूचं बन आणि लांबच लांब वाळू. तिथली जमीन सरकारनं पर्यटनासाठी घेतली, पंचतारांकित हॉटेल यावं म्हणून. लोकांनी विरोध केला आणि तो वर्षानुवर्षं चालू राहिला. त्यांची माडाची, काजूची झाडं, घरं, शेतं त्या जमिनीवर आहेत. कागदावर मात्र ती पर्यटनाची जागा. गंमत अशी, की याच शिरोड्याला मे १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह झाला होता. तिथं मिठागरं आहेत. समुद्राचं पाणी आणि ऊन यांपासून होणारं मीठ सरकारच्या परवानगीशिवाय उचलायचं नाही, हा इंग्रजांचा कायदा लोकांनी मोडला आणि लाठ्या खाल्ल्या.

त्याच वर्षी २५ सप्टेंबरला उरण तालुक्यात चिरनेरला जंगल सत्याग्रह झाला. किनाऱ्यापासून फार लांब नाही ते गाव. गुरं चारायला आणि सरपणाला जंगल बंद केलं म्हणून लोक कुऱ्हाडी-कोयते घेऊन जंगलात गेले, पोलिसांनी गोळीबार केला. त्यात जे हुतात्मे झाले त्यांत नाग्या कातकरी होता. मिठाचा कायदा आणि जंगलाचा कायदा एकाच सरकारचे, आणि दोन्हींत एकच म्हणणं होतं: जे निसर्गानं दिलं ते आधी आमचं, मग तुम्ही मागायला या. पाठ्यपुस्तकात दांडी येते, शिरोडा एका ओळीत येतं, चिरनेर कधी येतं कधी नाही.

गोव्यातही हेच झालं, थोडं आधी. सत्तरच्या दशकात ट्रॉलर किनाऱ्याजवळ येऊन मासळी ओरबाडू लागले तेव्हा रापणकार रस्त्यावर आले. त्या लढ्यानंतर १९८० चा सागरी मासेमारीचा कायदा झाला. मग हॉटेलं आली. परदेशातून थेट पर्यटकांची विमानं उतरायला लागली तेव्हा 'जागृत गोंयकारांची फौज' या गटानं निषेध केला. पर्यटक येऊच नयेत असं त्यांतल्या शहाण्या माणसांचं म्हणणं नव्हतं. आमची विहीर आटवून तुमचा पोहण्याचा तलाव भरायचा नाही आणि किनाऱ्यावर जायची आमची वाट अडवायची नाही, इतकंच होतं. आज गोव्यातल्या ज्या किनाऱ्यांना पुरवण्या 'अजून शांत' म्हणतात, त्यांतल्या गालजीबाग, आगोंद या ठिकाणी कासवं अजून येतात. मोरजीलाही येतात, पण तिथं आता हॉटेलांचे दिवे आणि गाणी. पिल्लू अंधारात वाळूतून वर आलं की उजेडाच्या दिशेनं चालतं. पूर्वी उजेड समुद्रावरचा असायचा.

किनाऱ्यावर आपली आदिवासी माणसंही आहेत, हे बैठकीत अनेकांना नवीन होतं. डहाणू, बोर्डी, चिंचणी इथं समुद्र आणि वारली पाडे जवळजवळ लागून आहेत. पर्यटक बोर्डीला चिकू खायला आणि सुरूच्या बनात बसायला जातात. चिकूच्या वाड्यांत राबणारे हात वारल्यांचे. १९४५ ला वेठबिगारीविरुद्ध वारली उठले ते याच भागात, गोदावरी परुळेकर तिथं होत्या. २० जून १९९१ ला डहाणू तालुका पर्यावरणाच्या दृष्टीनं नाजूक म्हणून जाहीर झाला. पुढं सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं १९९६ मध्ये तिथं प्राधिकरण नेमलं गेलं आणि वाढवणला मोठं बंदर करायचा प्रस्ताव त्या प्राधिकरणानं १९९८ मध्ये नाकारला. तिथला किनारा २०१० मध्ये पुरवणीत 'शांत' म्हणून छापून येत होता, तो असा राहिला होता. रायगडात कातकऱ्यांचं दुःख वेगळं. अनेक कातकरवाड्या दुसऱ्याच्या मालकीच्या जमिनीवर वसलेल्या. मुंबईपासून जवळ म्हणून जमिनीला सोन्याचा भाव आला, मालकानं फार्महाऊसवाल्याला जमीन विकली, की पिढ्यान्‌पिढ्या राहणारी वाडी एका दिवसात 'अतिक्रमण' होते.

किनाऱ्याला कायदा नाही असं नाही. १९ फेब्रुवारी १९९१ ला केंद्र सरकारनं अधिसूचना काढली, भरतीच्या रेषेपासून ५०० मीटरचा पट्टा नियंत्रणाखाली आणला. तिच्यात इतक्या वेळा बदल केले की मूळ कापड कोणतं आणि ठिगळ कोणतं ते ओळखू येत नव्हतं. २००८ मध्ये ती सबंधच बदलायचा मसुदा आला, देशभरच्या मच्छीमारांनी विरोध केला आणि मागच्या जुलैत तो सरकारला सोडून द्यावा लागला. पण मेळाव्यात तिथल्या कार्यकर्त्यांनी आपल्या माणसांना एक गोष्ट सांगितली ती ऐकून ठेवा. ते म्हणाले, तुम्हाला २००६ चा वनहक्क कायदा तरी आहे, त्यात ग्रामसभा आहे. आमच्या किनाऱ्याला असा कायदा नाही. वाळू कुणाच्या नावावर नाही, म्हणून ती सगळ्यांची असं आम्ही मानतो आणि म्हणूनच ती देऊन टाकता येते असं सरकार मानतं.

आपल्याकडं कायदा आहे आणि आपण काय करतो आहोत?

निर्मनुष्य या शब्दाकडं परत येऊ. दिवाळी झाली की आपल्या तालुक्यांतली गावं रिकामी होतात. टोळ्या उचल घेऊन निघाल्या की मागं म्हातारी माणसं, शाळेसाठी ठेवलेली एखाददुसरी लेकरं आणि बांधलेली शेळी. पौषात कोणी फोटो काढायला आला तर आपलं गावही त्या भोगव्याच्या किनाऱ्यासारखंच दिसेल. पडताळणीची माणसं नेमकी अशाच वेळी आली, असं गेल्या दोन हंगामांत आपल्या तीन वस्त्यांवर घडलं. 'जागेवर कोणी आढळले नाही, कसणूक दिसत नाही' असा शेरा. माणूस कारखान्यावर, जमिनीवर तूर काढलेली धसकटं. नियमात लिहिलं आहे की वनहक्क समितीनं जागा पाहायची ती दावेदाराला आधी कळवून. कळवलं कुणाला? दाराच्या कडीला?

ग्रामसभेचंही तेच. वनहक्काच्या ग्रामसभेला २०१० मध्ये दोन तृतीयांश सभासद हजर लागत होते. २६ जानेवारीला ते कुठून आणायचे? म्हणून १ मेची ग्रामसभा आपल्यासाठी सगळ्यात मोठी. टोळ्या परतल्या आहेत. यंदा महाराष्ट्राला ५० वर्षं होतात म्हणून झेंडावंदनाला मोठा थाट असेल, पुढारी भाषणं करतील. भाषणं संपली की उठू नका. सामूहिक दावा ज्या गावांनी अजून टाकला नाही त्यांनी ठराव घ्यायचा: चराई, सरपण, डिंक, पाणी, देवाची जागा, आणि जंगल राखायचा अधिकार. दंडाच्या जुन्या पावत्या असतील त्या शोधा. पावती नसली तर म्हाताऱ्या माणसाचा जबाब लिहून घ्या, तो पुरावा म्हणून चालतो. जुनी विहीर, बांध, स्मशान यांच्या खुणा नकाशात दाखवा. गडचिरोलीत मेंढा-लेखानं मागच्या वर्षी सामूहिक हक्क मिळवला, तो असाच कागद जमवत.

पर्यटनाचा विषयही याच सभेत घ्या, कारण तो आपल्या दारात आहे. पावसाळ्यात सौताड्याचा धबधबा आणि कपिलधारला किती गाड्या येतात ते बघतोच आपण. खाली प्लास्टिक आणि बाटल्या, वर आपली बाई सरपणाची मोळी घेऊन निघाली तर तिला हटकतात. उद्या कोणी येऊन सांगेल की इथं विश्रामगृह करायचं, तुम्हाला रोजगार मिळेल. तेव्हा दोन गोष्टी ध्यानात असू द्या. वनहक्क कायद्यात गावाच्या सोयीसाठी जंगलजमीन द्यायची अशी १३ कामं लिहिली आहेत: शाळा, दवाखाना, अंगणवाडी, तलाव, रस्ता वगैरे, तीही एक हेक्टरच्या आत आणि ग्रामसभेच्या शिफारशीनं. त्यात हॉटेल नाही. आणि ऑगस्ट २००९ मध्ये केंद्राच्या पर्यावरण खात्यानंच पत्रक काढलं होतं की वनजमीन दुसऱ्या कामाला वळवायची तर आधी वनहक्काची प्रक्रिया पूर्ण झाली पाहिजे आणि ग्रामसभेची संमती पाहिजे. या पत्रकाच्या प्रती संघटनेच्या कार्यालयात आहेत, घेऊन जा.

पाहुणे यावेत की नाही, यावर बैठकीत दोन मतं होती. म्हातारी मंडळी नको म्हणतात. तरुणांना वेळाससारखं काही करावं वाटतं, आपल्या घरी उतरवावं, आपल्या माणसानं मोर दाखवावा. आम्हाला तरुणांचं पटतं, पण आधी हक्काचा कागद, मग पाहुणा, या क्रमानं. कागद हातात नसताना पाहुणे आले तर आपण आपल्याच जंगलात चहा विकणारे होऊ, तोही ठेकेदाराच्या टपरीवर.

आणि समुद्र बघायचा असेल तर जरूर बघा. आपण कायम मोर्चाच्या निमित्तानंच का जावं? पुढच्या वर्षी पट्टे पडल्यावर पंधरा जणांची फेरी वेळास आणि मालवणकडं काढायचं ठरलं आहे. एसटीचं भाडं ज्याचं त्यानं, राहायची सोय तिकडचे मच्छीमार साथी करणार आहेत. पुरवणी वाचणाऱ्या त्या पोरीचं नाव यादीत पहिलं घातलं आहे. बाकीच्यांनी १ मेच्या ग्रामसभेचा ठराव, सह्या-अंगठ्यांसकट, कार्यालयात जमा करताना आपलं नाव सांगावं.

जोहार.